पाणपक्ष्यांची हंगामी गणना आणि एक टक्क्याचा निकष : पार्श्वभूमी

नाताळच्या दिवशी गट पाडून दिसेल तो पक्षी टिपायचा आणि ज्याची शिकार जास्त तो गट जिंकला असे मानायचे, हा उत्तर अमेरिकेतील जुना खेळ. त्याला पर्याय म्हणून १९०० साली पक्षी न मारता मोजण्याची कल्पना पुढे आली आणि पहिल्या वर्षी २७ जण तीत उतरले. संवर्धनाच्या दृष्टीने मात्र १९६७ हे वर्ष अधिक महत्त्वाचे. त्या वर्षापासून जानेवारीच्या मध्यावर पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना सुरू झाली, कारण त्या सुमारास हिवाळी पाहुणे ठरावीक जलाशयांवर एकवटलेले असतात आणि त्यांची हालचाल तुलनेने कमी असते. आशियात ती १९८७ पासून होते.

१९७१ साली इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयीचा करार झाला, तरी आंतरराष्ट्रीय महत्त्वाची जागा कशी ओळखायची याचे आकड्यांतील मोजमाप नंतर ठरले. ते १९७४ साली तत्कालीन पश्चिम जर्मनीतील एका परिषदेत मांडले गेले आणि १९८० साली इटलीत स्वीकारले गेले. एखाद्या पाणपक्ष्याच्या प्रजातीच्या किंवा उपप्रजातीच्या एका भौगोलिक समूहाच्या एकूण संख्येपैकी किमान एक टक्का पक्षी जेथे नियमितपणे येतात, ती जागा पात्र ठरते. एक टक्काच का, याला जीवशास्त्रीय आधार नाही. ती व्यवहारासाठी आखलेली रेघ आहे, आणि पुढचे बरेचसे वाद तिच्याभोवतीच फिरत राहिले आहेत.

पहिली अडचण ‘नियमितपणे’ या अटीची. पुरेशी माहिती असलेल्या किमान तीन हंगामांपैकी दोन तृतीयांश हंगामांत तेवढे पक्षी दिसले पाहिजेत, किंवा निदान पाच वर्षांच्या कमाल आकड्यांची सरासरी तेवढी भरली पाहिजे. साहजिकच जेथे दरवर्षी मोजणारे लोक नाहीत, ती जागा पक्षी असूनही मागे पडते. दुसरी अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. समूहाच्या एकूण संख्येचा अंदाज बऱ्याच अंशी स्वयंसेवकांनी केलेल्या याच जानेवारीतील गणनांवर बेतलेला असतो. समजा, तो अंदाज ५०,००० वरून ४०,००० वर आला, तर पात्रतेची मर्यादा ५०० वरून ४०० वर येते आणि ४५० पक्ष्यांचा जलाशय एकही पक्षी न वाढता पात्र होतो. स्थलांतराच्या वाटेवरील थांब्यांवर तर रोज नवे थवे उतरतात व जुने निघून जातात. तेथे एका दिवसाच्या मोजणीतून खरी वर्दळ कळतच नाही.

प्रत्यक्ष मोजणीही वाटते तितकी काटेकोर नसते. भरतीचे पाणी चढू लागले की चिखलातले तुतवार आणि चिखले एकदम उठतात. तेव्हा दहा पक्ष्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरून तिच्या पटीत संपूर्ण थवा मोजावा लागतो. शेजारी उभ्या असलेल्या दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर त्यात नवल नाही. मर्यादेच्या आसपास मात्र हाच फरक निर्णायक ठरू शकतो.

तरीही या निकषामुळे हौशी निरीक्षकांच्या वहीला सरकारदरबारी वजन आले, हे नाकारता येत नाही. त्याची किंमत लहान तळ्यांनी मोजली, कारण तेथे एक टक्का सहसा भरत नाही. १९९८ पासून फेब्रुवारीत होणारी अंगणातील पक्ष्यांची गणना आणि २००२ नंतरच्या ऑनलाइन नोंदी यांनी ही उणीव थोडी भरून काढली. अशा नोंदींत निरीक्षणाचा वेळ आणि चाललेले अंतरही लिहिले जाते, त्यामुळे कोणत्याही निकषात न बसणाऱ्या तळ्यावरचे पक्षी घटल्याचे आता स्थानिक गटांना आकड्यांनिशी मांडता येते.