झेब्राफिशचा गर्भ आणि पेशींची पकड

ग्रहण जवळ आलं की गरोदर बाईने सुरी हातात धरू नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटका निघतो, हा सल्ला हल्ली व्हॉट्सॲपवरून फिरतो. ओठ दुभंगतो तो गर्भाच्या चेहऱ्याच्या वाढत्या कडा वेळेत एकमेकींना जुळल्या नाहीत म्हणून. त्याची कारणं अनेक आहेत. काही कुटुंबांत त्यातलं एक सीडीएच१ या जनुकातला बिघाड असल्याचं आढळलं आहे. चंद्राची सावली मात्र त्या यादीत कुठेच नाही.

हे जनुक पेशीपटलात बसणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन घडवतं. त्याचं काम चालू असताना बघायचं तर झेब्राफिशच्या गर्भासारखी सोय नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हा पट्टेरी मासा आपल्याकडे काचेच्या टाकीत शोभेला असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्या त्वचेच्या जडणघडणीवर संशोधन चालतं. अंडं जेमतेम ०.७ मिलिमीटरचं, पारदर्शक, आणि वाढतं आईच्या शरीराबाहेर. २८.५ अंश सेल्सिअसला पाऊण तासात पहिलं विभाजन होतं, पुढची सुमारे दर १५ मिनिटांनी. चार तासांनी पिवळ्या बलकाच्या गोळ्यावर पेशींची टोपी बसलेली दिसते. मग ती पातळ होत खाली पसरते. साधारण सव्वापाच तासांनी कड बलकाच्या मध्यावर येते आणि दहाव्या तासाला बलक पूर्ण झाकला जातो. या पसरण्याला एपिबोली म्हणतात.

टोपी पातळ कशी होते? आतल्या थरांतल्या पेशी बाहेरच्या थरात घुसतात, तिथल्या पेशींच्या मधे जागा करतात आणि तिथेच टिकतात. हे टिकणं ई-कॅडहेरिनवर अवलंबून असतं.

हा रेणू पेशीपटल एकदाच पार करतो. बाहेरच्या भागात एकापुढे एक पाच खंड, त्यांच्यात चार सांधे, प्रत्येक सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन. एकूण बारा. कॅल्शियम काढून घेतलं की सांधे ढिले होतात आणि रेणूचा ताठपणा जातो. म्हणूनच गर्भातून काढलेल्या पेशी सुट्या करायच्या असतील तर त्या कॅल्शियमविरहित रिंगर द्रावणात (पेशींना मानवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) ठेवून नळीवर हलक्या टिचक्या मारतात. टोकाच्या खंडातलं दुसरं अमिनो आम्ल ट्रिप्टोफॅन आहे. ते समोरच्या पेशीवरच्या रेणूच्या खाचेत शिरतं आणि समोरच्याचं आपल्या खाचेत येतं. अशी एक पकड अगदी कमजोर असते; शेकडो शेजारी शेजारी आल्या की पेशी धरून राहते. पटलाच्या आत लोंबणाऱ्या शेपटाला बीटा-कॅटेनिन हे प्रथिन, त्याला आल्फा-कॅटेनिन आणि त्यामार्फत ॲक्टिनचे, म्हणजे पेशीला आकार आणि ताण देणाऱ्या प्रथिनाचे, तंतू जोडलेले असतात.

म्हणून याला नुसता ‘पेशींचा डिंक’ म्हणणं मला पटत नाही. फुगडीत हात घट्ट धरलेले असतात, पण फेर टिकतो तो दोघी मागे रेलून ताण देतात म्हणून. हात सुटले तर तो ताण निरुपयोगी. २०१२ साली झेब्राफिशच्याच पेशींवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन पेशींमधला संपर्क किती पसरेल हे मुख्यतः पटलाखालच्या ॲक्टिनच्या थरातला ताण ठरवतो, असं त्यात दिसलं. कॅडहेरिन दोन्ही पेशींचे हे थर एकमेकांना बांधून देतं. त्या बांधणीची मर्यादाही आतच आहे: कॅडहेरिन आतल्या थरात किती घट्ट रुतलं आहे, यावर ती ठरते.

सीडीएच१ बिघडलेल्या ‘हाफ बेक्ड’ नावाच्या वाणात पेशी बाहेरच्या थरात जातात, पण तिथे न टिकता पुन्हा आत घसरतात. टोपीवरचं पातळ आवरण पुढे सरकत राहतं आणि आतल्या पेशींची कड मागे रेंगाळते. सुरुवातीचे तास मात्र सगळं ठीक दिसतं, कारण आईने अंड्यात भरून ठेवलेला साठा तोवर पुरतो.

नवख्यांची फसगत इथेच होते. निरोगी गर्भातही कड मध्यावर आल्यावर एपिबोली काही काळ थांबते. तेवढ्यावरून दोष ठरवू नये. आठव्या तासाला पाहावं, तेव्हा निरोगी गर्भात कड पाऊण बलकापर्यंत उतरलेली असते. दोन्ही पालकांकडे बिघडलेली एकेक प्रत असेल तर साधारण चौथा हिस्सा गर्भ अडकलेले दिसायला हवेत. सगळीच पिल्लावळ मागे असेल तर आधी इन्क्युबेटरचं तापमान बघा. २५ अंशांवर वाढ चांगलीच मंदावते. बाहेरचं कवच काढलेले गर्भ ॲगारोजचा (जेलीसारख्या मऊ पदार्थाचा) थर दिलेल्या बशीतच ठेवावेत. उघड्या प्लॅस्टिकला ते चिकटतात, बलक फुटतो, आणि ते मरण प्रथिनाच्या खात्यात जमा होतं.

मॉर्फोलिनो, म्हणजे जनुकाच्या आरएनएला चिकटून त्याचं प्रथिन बनणं रोखणारा कृत्रिम रेणू, टोचून ई-कॅडहेरिन कमी करायचं असेल तर एकपेशी अवस्थेत सुमारे १ नॅनोलिटर द्रावण पुरतं. मात्रा जास्त झाली की पी५३ हे पेशीला मरणाकडे नेणारं प्रथिन जागं होऊन पेशी मरू लागतात आणि असा आजारी गर्भही एपिबोलीत मागे पडतो. खात्रीसाठी मॉर्फोलिनो चिकटू शकणार नाही असा सीडीएच१चा आरएनए सोबत टोचतात. त्याने कड पुन्हा खाली उतरली, तरच दोष कॅडहेरिनच्या अभावाचा.