मुलांमधला स्क्लेरोडर्मा: मलमापासून मेथोट्रेक्सेटपर्यंत

कार्लो कर्त्सिओ या नेपल्सच्या डॉक्टरांनी १७५३ साली १७ वर्षांच्या एका मुलीची हकीगत छापली. तिची कातडी लाकडासारखी टणक झाली होती, तोंडही धड उघडत नव्हतं. कोमट दूध, वाफारे, पायातून रक्त काढणं आणि थोडाथोडा पारा असे उपचार चालले. सुमारे ११ महिन्यांनी कातडी मऊ पडली. स्क्लेरोडर्माचं, म्हणजे कातडी टणक करणाऱ्या आजाराचं, पहिलं सविस्तर वर्णन म्हणून आजही याच हकीगतीचा दाखला देतात. पण या आजारात कोणी इतकं ठणठणीत बरं होत नाही; तो दुसराच विकार असावा ही नंतरच्या डॉक्टरांची शंका रास्त वाटते.

अन्ननलिका, फुप्फुसं यांनाही ग्रासणारा सर्वांगीण प्रकार लहान मुलांत अगदी क्वचित दिसतो. त्यांच्यात आढळतो तो बहुतेक वेळा स्थानिक प्रकार, त्यातही हातापायावर किंवा कपाळावर उतरणारा पट्टा. सुरुवातीला त्याची कड जांभळट असते, मग मधला भाग पांढुरका, गुळगुळीत होतो. सहसा दुखत नाही, ताप नाही. त्यामुळे कोणी कोड समजतं, कोणी जुना व्रण, आणि मलम लावण्यात महिने जातात. पक्कं निदान करणारी रक्ततपासणी नाहीच. डॉक्टरांची नजर आणि बोटं, गरज पडल्यास कातडीचा तुकडा काढून तपासणी, यांवरच भिस्त.

‘कातडीपुरतंच आहे, आपोआप थांबेल’ हा समज फार काळ टिकला. मोठ्यांच्या बाबतीत तो एक वेळ खपून जातो. वाढत्या मुलात मात्र पट्ट्याखालची चरबी, स्नायू, हाडसुद्धा खुंटतं. पाय आखूड राहतो, गुडघा आखडतो. इटलीतल्या पादुआच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५० मुलांपैकी सुमारे २२ टक्के मुलांना त्वचेपलीकडचा त्रास आढळला: सांध्यांचा सर्वाधिक, शिवाय फिट्स आणि डोळ्यांचा दाह.

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध २००० च्या सुमारास टोरांटोत दहा मुलांवर वापरून पाहिलं गेलं. खरा कस लागला २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत. सगळ्या ७० मुलांना पहिले तीन महिने स्टेरॉइड दिलं. सोबत ४६ जणांना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, २४ जणांना नुसतं दिखाऊ औषध, म्हणजे औषधाचा अंशही नसलेलं. वर्षभरात दिखाऊ औषधवाल्या २४ पैकी १७ मुलांचा आजार पुन्हा बळावला, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या ४६ पैकी १५ जणांचा. २०१९ च्या युरोपीय शिफारशींनुसार आजार आटोक्यात आल्यावरही हे औषध किमान वर्षभर चालू ठेवतात, आणि पट्टा डोक्यावर किंवा चेहऱ्यावर असेल तर तक्रार नसली तरी डोळे तपासतात.