वाळवंटातला शेवटचा किलोमीटर

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, पॅसिफिकच्या काठावर पालोस व्हेर्डेसचा डोंगर आहे, सुमारे ४५० मीटर उंच. ठरलेल्या शनिवारी सकाळी त्याच्या माथ्यावर हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून संदेश देणारे-घेणारे, गाड्या घेऊन जमतात. टपातून किंवा खिडकीतून एक दांडा वर आलेला, त्यावर काड्याकाड्यांचा अँटेना, आणि आत बसून तो हाताने फिरवता येईल अशी सोय. वेळ झाली की १४६.५६५ मेगाहर्ट्झवर खरखरीत बुडालेला एक सिग्नल ऐकू येतो. तो पाठवणारा ट्रान्समीटर कुणीतरी आधीच जाऊन लपवलेला असतो, बऱ्याचदा थेट मोहावे वाळवंटात. तो हुडकायचा. या खेळाला ‘टी-हंट’ म्हणतात. आपल्याकडचे हॅम ‘फॉक्स हंटिंग’ म्हणतात.

इथल्या बऱ्याच शोधांत आधी पोचणारा जिंकत नाही. सर्वांत कमी अंतर गाडी चालवून जो पोचेल, तो जिंकतो. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. भरधाव जाण्याला त्यात काहीच किंमत उरत नाही. थांबून, मोजून, नकाशावर रेघ ओढून मग वळण घेणाऱ्याला ती मिळते.

एवढ्या लांबून सिग्नल येतो तरी कसा? या लहरींची लांबी साधारण दोन मीटर असते आणि त्या जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वीची गोलाई आड येते तिथे त्या संपतात. हिशेब सोपा आहे: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा. तेवढे किलोमीटर रेडिओचं क्षितिज. ४५० मीटरच्या डोंगरासाठी ते ८७ किलोमीटर येतं. समोरचा ट्रान्समीटर २,४०० मीटर उंच कड्यावर असेल तर त्याचे २०० किलोमीटर वेगळे. दोन्ही मिळून जवळजवळ २९० किलोमीटर. लपवणारा उंच जागा शोधतो, ती यासाठीच.

दिशा सांगतो तो यागी अँटेना. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये तो मांडला. आपल्या पिढीने तो गच्चीवर चढून हाताळलेला आहे. दूरदर्शनसाठी एक जण वर काठी फिरवायचा, ‘आलं का?’ म्हणून ओरडायचा, आणि खालून उत्तर यायचं, ‘मुंग्या येताहेत, अजून थोडं फिरव!’ अगदी तेच काम. मधल्या दांडीत सिग्नल उतरतो. पुढची दांडी किंचित आखूड असते, मागची किंचित लांब. या दोन्ही दांड्या लहर पकडून पुन्हा सोडतात, आणि लांबीतल्या या फरकामुळे समोरून येणाऱ्या लहरी एकमेकींत मिळतात, मागून येणाऱ्या एकमेकींना खोडतात. दोन मीटरच्या लहरीसाठी प्रत्येक दांडी साधारण मीटरभर लांब लागते. पायी शोधायला अनेक जण ती मेजर टेपच्या पोलादी पट्टीपासून बनवतात आणि पीव्हीसी पाइपवर क्लॅम्पने आवळतात. काटेरी झुडपात घुसलं की पट्टी वाकते, बाहेर आलं की टणकन सरळ होते.

पण या दिशेवर डोळे मिटून विसंबता येत नाही. नुसती पाच अंशांची चूक झाली, तरी दीडशे किलोमीटरवर ती १३ किलोमीटरची होते. शिवाय समुद्रकाठ आणि वाळवंट यांच्या मधे सॅन गेब्रियल आणि सॅन बर्नार्डिनोच्या रांगा आहेत. ३,०६८ मीटर उंचीच्या बाल्डी शिखरासारखा डोंगर लहरींना आरशासारखा परतवू शकतो, आणि सरळ वाट अडलेली असेल तर हा परतलेला सिग्नलच जास्त जोरदार येतो. मग अँटेना इमानेइतबारे डोंगर दाखवत राहतो. ओळखायचं कसं? दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून दिशा घ्यायच्या. सगळ्या रेघा एखाद्या शिखरावरच येऊन मिळाल्या, तर त्या शिखराचा संशय धरायचा आणि रांग ओलांडून पुन्हा मोजायचं.

खरी कसोटी मात्र शेवटच्या किलोमीटरमध्ये आहे, आणि विज्ञान म्हणून मला सर्वांत सुंदर वाटतो तो हाच भाग. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की सिग्नलची शक्ती चौपट होते. १०० किलोमीटरवरून १०० मीटरवर आलात तर दहा लाख पट. एका मीटरवर आलात तर एक हजार कोटी पट! लांबून जेमतेम ऐकू येणारा तो सिग्नल आता रिसीव्हरला आंधळा करून टाकतो. मीटरचा काटा टोकाला चिकटतो, अँटेना कुठेही वळवा, हलत नाही. कानांचाही उपयोग नाही, कारण एफएममध्ये सिग्नल पुरेसा झाला की खरखर जाते आणि आवाज तेवढाच राहतो. जवळ आलोय हे नक्की कळतं, पण दिशा हरवलेली असते.

इथे सिग्नल वाढवायचा नसतो, मारायचा असतो. अँटेनाच्या वायरीत तो क्षीण करणारा अटेन्युएटर घातला, तरी हातातल्या रेडिओच्या प्लास्टिकच्या खोक्यातून सिग्नल थेट आत शिरतो. त्यावरची युक्ती अशी: काडेपेटीएवढ्या डबीत ४ मेगाहर्ट्झवर कंप पावणारा क्रिस्टल आणि दोन सिग्नल मिसळणारा एक डायोड बसवायचा. त्यांच्या मिश्रणातून १४६.५६५ चा सिग्नल १५०.५६५ वरही उमटतो. रेडिओ त्या नव्या जागी लावला की खोक्यातून घुसणारा मूळ सिग्नल बाजूला पडतो, आणि डबीवरचं बटण फिरवून उरलेला हवा तेवढा कमी करता येतो. दुसरी वाट हार्मोनिकची. ट्रान्समीटर आपल्या वारंवारतेच्या तिप्पट जागीही, म्हणजे ४३९.६९५ वर, अगदी पुसटसा बोलत असतो. ते फक्त जवळून ऐकू येतं. काहीच हाताशी नसेल तर रेडिओ छातीशी धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचं. आपलं शरीर लहरी अडवतं, त्यामुळे सिग्नल जिथे सर्वांत कमी होतो तिथे ट्रान्समीटर बरोबर पाठीमागे असतो.

हे कौशल्य खेळापुरतं नाही. विमानांच्या आपत्कालीन बीकनचा ४०६ मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रह पकडतो, पण शोधपथकाला अखेरच्या टप्प्यात बीकनपर्यंत नेण्यासाठी तेच यंत्र १२१.५ वरही सिग्नल सोडतं. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघून सुमारे १,३०० किलोमीटर चालत ज्ञानगंगा अभयारण्यात गेलेल्या वाघाच्या गळ्यातही कॉलर होती. अशा कॉलरींमधून उपग्रहाकडे माहिती जाते आणि व्हीएचएफचे, म्हणजे साध्या रेडिओ सिग्नलचे, ठोकेही येत राहतात. प्रत्यक्ष जंगलात वाघ कुठल्या नाल्यापलीकडे आहे, हे हातात यागी धरून चालणारा माणूसच ठरवतो.

मोहावेत हाताशी येतो तो बहुधा लष्करी बनावटीचा, गोळ्या ठेवायचा पत्र्याचा डबा: क्रिओसोटच्या झुडपाखाली, फांद्यांतून वर गेलेल्या तारेसह, उन्हाने चटका बसेल इतका तापलेला. त्याच्याजवळ कागद असेल तर त्यावर वेळ आणि गाडीच्या अंतरमापकावरचा आकडा लिहायचा, डबा होता तसा ठेवायचा, आणि मागून येणाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून रेडिओवर एक शब्दही न बोलता तिथून निघायचं.