आनुषंगिक आढळ (वैद्यकीय प्रतिमाचित्रणातील)

ज्या तक्रारीसाठी तपासणी केली तिच्याशी संबंध नसलेली, पण चित्रात सापडलेली गोष्ट. कमरेच्या एमआरआयच्या कडेला मूत्रपिंडे आणि महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) दिसतात. पोटाच्या सीटी स्कॅनच्या वरच्या छेदांत फुप्फुसांचा तळ येतो. मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात. यंत्राला रुग्णाची तक्रार ठाऊक नसते. टप्प्यात येईल ते सारे ते टिपते, आणि रेडिओलॉजिस्टने ते सारे पाहावे अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा सोपी नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात फुप्फुसांच्या सीटी चित्रांत गोरिलाची आकृती घातली होती, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठी. गाठी शोधण्यात गुंतलेल्या २४ रेडिओलॉजिस्टांपैकी २० जणांना ती दिसली नाही.

बहुतेक आढळ निरुपद्रवी असतात : मूत्रपिंडातली पाण्याची साधी गाठ, यकृतातला हेमांजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ), जुन्या क्षयाची चुना साचलेली खूण. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीत अशा गाठी इतक्या सापडू लागल्या की १९८२ साली त्यांना ‘इन्सिडेंटलोमा’ (सहज सापडलेली गाठ) हे नावच पडले. काही आढळ मात्र जीव वाचवतात. मूत्रपिंडाचा लहान कर्करोग किंवा पोटातल्या महारोहिणीचा फुगवटा त्रास होण्याआधीच हाती लागतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. दक्षिण कोरियात लोक मोठ्या संख्येने मानेची सोनोग्राफी करून घेऊ लागले. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाची निदाने सुमारे १५ पट वाढली. मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी अनेकांनी ग्रंथी गमावली.

इंदूरच्या मराठी घरांत या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर आहे. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांशी बोलणे हिंदीत आणि घरी आजीला सांगायचे मराठीत. या वाटेवर सिस्ट, नोड्यूल, लिम्फ नोड आणि ट्यूमर या चौघांची एकच ‘गाठ’ होते, आणि गाठ म्हटले की तिथल्या रामबाग वस्तीतल्या घरातही पहिला विचार कॅन्सरचाच येतो. म्हणून रिपोर्टमध्ये ‘गाठ दिसते’ एवढेच न लिहिता ती किती मिलिमीटरची, पाण्याची की घट्ट, आणि पुढे काही करायचे की नाही हे लिहिणे अत्यावश्यक आहे. फुप्फुसांसाठी तसे नियम आहेतही. छातीच्या प्रतिमाचित्रणातील तज्ज्ञांच्या फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या शिफारशींनुसार, धोका कमी असलेल्या प्रौढात ६ मिमीहून लहान घट्ट गाठीसाठी पुन्हा स्कॅन करण्याची गरज सहसा नसते. पस्तिशीच्या आतले, कर्करोगाचे ज्ञात रुग्ण आणि प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण यांना हा नियम लागू होत नाही.

देवास, धार, महेश्वरहून तपासणीसाठी इंदूरला येणारे बरेचदा नुसता ताजा रिपोर्ट आणतात; जुन्या फिल्म्स माळ्यावरच राहतात. घट्ट गाठ दोन वर्षांत जराही वाढली नसेल तर ती सहसा निरुपद्रवी मानली जाते, आणि ते ठरवायला दोन वर्षांपूर्वीची तीच फिल्म लागते.