पेट्रोस मार्कारिस

मार्कारिस, पेट्रोस : (१ जानेवारी १९३७ – ). ग्रीक कादंबरीकार, नाटककार, पटकथाकार व अनुवादक. जन्म इस्तंबूल येथे. वडील आर्मेनियन, आई ग्रीक. शालेय शिक्षण इस्तंबूलमधील सेंट जॉर्ज या ऑस्ट्रियन शाळेत, पुढे व्हिएन्नात अर्थशास्त्राचा अभ्यास. १९६० नंतरच्या दशकात ते अथेन्सला आले. मात्र ग्रीक नागरिकत्व मिळाले ते ग्रीसमधील लष्करी राजवट १९७४ मध्ये कोसळल्यानंतर.

लेखनाची सुरुवात नाटकापासून झाली. जर्मन नाटककार ब्रेख्टची नाटके आणि जर्मन कवी गटेचे फाउस्ट हे नाटक त्यांनी ग्रीकमध्ये आणले. दिग्दर्शक थिओ अँजेलोपुलोस यांच्याबरोबर त्यांनी अनेक पटकथा लिहिल्या. त्यांतील इटर्निटी अँड अ डे या चित्रपटाला १९९८ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

कादंबरीकडे ते उशिरा, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी वळले. निख्तेरिनो देल्तिओ (१९९५, रात्रीच्या बातम्या) या पहिल्याच कादंबरीत इन्स्पेक्टर कोस्तास हारितोस अवतरला. हा काही अचाट बुद्धीचा गुप्तहेर नव्हे. लष्करी राजवटीत पोलिसात भरती झालेला, कोठडीतले छळ पाहिलेला हा मध्यमवर्गीय माणूस. त्याच काळात कोठडीत असलेला झिसिस नावाचा कम्युनिस्ट पुढे त्याचा विश्वासू मित्र होतो, आणि ही मैत्रीच या मालिकेचे खरे मर्म आहे. हारितोस घरी आला की पलंगावर पडून शब्दकोश वाचतो. पत्नी आद्रियानीशी भांडण झाले, तर तिने भरलेल्या टोमॅटोंचा बेत केला की समेट झाला असे समजायचे.

२०१० मध्ये ग्रीस कर्जसंकटात बुडाले, तेव्हा मार्कारिस यांच्या प्रतिभेला तिचा खरा विषय गवसला. थकीत कर्जांवरच्या कादंबरीत (२०१०) बँकवाल्यांची मुंडकी तलवारीने उडवली जातात. पेरेओसी (२०११) सुरू होते ती निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या चार वृद्ध स्त्रियांच्या आत्महत्येने. पुढे एक स्वयंघोषित करवसुली अधिकारी बडे करबुडवे हेरतो आणि त्यांना हेमलॉकने मारतो. सॉक्रेटिसला दिले गेले तेच हे विष. भाकरी, शिक्षण, स्वातंत्र्य (२०१२) ही तिसरी कादंबरी सर्वांत धारदार. तिचे नाव म्हणजे १९७३ च्या अथेन्स पॉलिटेक्निकमधील लष्करी राजवटीविरुद्धच्या विद्यार्थी उठावाची घोषणा. त्या उठावाचे भांडवल करून पुढे सत्ता आणि पैसा कमावलेले लोकच इथे बळी पडतात. खुनी कोण, यापेक्षा देश इथवर कसा आला, हा प्रश्न वाचकाला अस्वस्थ करतो. गुन्हेकथा हलक्या दर्जाची मानणाऱ्यांनी ही कादंबरी जरूर वाचावी.

जन्मगावाकडे ते पाल्या, पोली पाल्या (२००८, फार फार पूर्वी) या कादंबरीत परतले. सहलीला गेलेला हारितोस इस्तंबूलमध्ये एका अतिवृद्ध ग्रीक दाईच्या मागावर निघतो. ती चीज भरलेली विषारी पेस्ट्री खाऊ घालून जुने हिशेब चुकते करत असते. १९५५ ची ग्रीकविरोधी दंगल आणि १९६४ मधील हकालपट्टी यांनंतर मूठभर उरलेल्या तिथल्या ग्रीक समाजाचे चित्रण एवढ्या आतून करणे बाहेरच्या लेखकाला जमले नसते.

जर्मनीत त्यांचा वाचकवर्ग मोठा आहे. संकटकाळात जर्मन वाचकांसाठी त्यांनी ग्रीसवर लेखही लिहिले आणि त्यांत स्वदेशातील राजकारण्यांची गय केली नाही. २०१२ मध्ये बार्सिलोनाचा गुन्हेकथालेखनासाठीचा पेपे कार्वाल्यो पुरस्कार आणि २०१३ मध्ये गटे पदक त्यांना मिळाले.