ज्युरीपुढील मानसशास्त्रीय तज्ज्ञसाक्ष

मानसशास्त्रज्ञाने किंवा मानसोपचारतज्ज्ञाने न्यायालयात शपथेवर दिलेले मत ज्युरीतील सामान्य नागरिकांना समजेल, तपासता येईल आणि पटले नाही तर बाजूला ठेवता येईल अशा रीतीने मांडण्याची पद्धत. साध्या साक्षीदाराला पाहिले-ऐकले तेवढेच सांगता येते. तज्ज्ञाला मत देण्याची मुभा असते. ज्युरीला स्वतःहून उमगणार नाही ते उलगडून दाखवावे एवढ्यासाठीच ती मुभा आहे. ही पद्धत मुख्यत्वे अमेरिकेत वाढली.

अमेरिकेत गंभीर फौजदारी खटल्यात साधारणपणे १२ ज्युरर असतात. मतदारयादी, वाहन परवान्यांची यादी अशा ठिकाणांहून त्यांची नावे निघतात. शाळेतल्या बाई, ट्रकचालक, निवृत्त टपाल कर्मचारी, नागरिकत्व घेतलेला न्यू जर्सीतला मराठी अभियंता, कोणालाही बोलावणे येऊ शकते. कायदा काय हे न्यायाधीश सांगतात, घडले काय हे ज्युरी ठरवते. बऱ्याच न्यायालयांत ज्युररना साक्षीदाराला प्रश्न विचारता येत नाहीत. ॲरिझोना राज्याने १९९५ मध्ये लेखी प्रश्न देण्याची सोय केली. एरवी तज्ज्ञाला समोरून ‘नाही समजलं’ असे कधीच ऐकू येत नाही. वर्गात शिकवणाऱ्यालाही इतकी मुकी श्रोतेमंडळी मिळत नाहीत.

मानसशास्त्रज्ञांना न्यायालयात पाय ठेवायला वेळ लागला. जर्मनीहून हार्वर्डला आलेल्या ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांनी १९०८ मध्ये साक्षीदारांच्या स्मृतीवर पुस्तक लिहून वकिलांनी आमच्याकडून शिकावे असा आग्रह धरला. पुराव्याच्या कायद्याचे थोर अभ्यासक जॉन विगमोर यांनी पुढच्याच वर्षी त्यांची यथेच्छ टर उडवली. म्यून्स्टरबर्ग यांचे विद्यार्थी विल्यम मार्स्टन यांनी रक्तदाबावरून खोटे ओळखण्याची चाचणी काढली. फ्राय खटल्यात (१९२३) ती ज्युरीपुढे येऊच दिली गेली नाही. त्या क्षेत्रात सर्वमान्य झालेलेच तंत्र चालेल, असा दंडक न्यायालयाने घातला. (याच मार्स्टन यांनी पुढे ‘वंडर वुमन’ हे चित्रकथेतले पात्र निर्माण केले.) मानसिक आजारावर मत देण्याचा हक्क मानसशास्त्रज्ञांनाही आहे, हे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जेन्किन्स खटल्यात १९६२ मध्ये मान्य केले, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा विरोध असताना. सर्वोच्च न्यायालयाच्या डॉबर्ट निकालानंतर (१९९३) शास्त्रीय पद्धत भरवशाची आहे का, हे संघीय न्यायालयांत न्यायाधीश आधी पारखतात. म्हणजे ज्युरीपर्यंत पोचण्याआधी साक्ष एका चाळणीतून गेलेली असते.

साक्षीची सुरुवात पदव्या आणि अनुभवाच्या विचारणेने होते, मग सरतपासणी, उलटतपासणी आणि गरज पडल्यास फेरतपासणी. सरतपासणीत प्रश्न स्वतःच्या बाजूचा वकील विचारतो, पण उत्तर ज्युरीसाठी असते. म्हणून प्रश्न ऐकताना वकिलाकडे आणि उत्तर देताना ज्युरीकडे पाहावे, असे शिकवले जाते. पाठ केल्यासारखे दर वाक्याला मान वळवणारा साक्षीदार मात्र नाटकी वाटतो. परिभाषेचे ओझे दुहेरी असते: शब्द कळत नाही, आणि तो कळेपर्यंत पुढची तीन वाक्ये निघून जातात. जोएल कूपर आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या प्रयोगात असे दिसले की साक्ष क्लिष्ट असली की अभिरूप ज्युरर (प्रयोगापुरती ज्युररच्या भूमिकेत बसवलेली माणसे) आशय सोडून पदव्यांकडे पाहून मत बनवतात. अवघड बोलून वजन वाढते हा समज त्यामुळे अगदीच खोटा नाही. फक्त ते वजन पदवीचे असते, पुराव्याचे नव्हे.

खरी कसोटी आकड्यांशी लागते. बुद्ध्यंकाचे उदाहरण घेऊ. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ॲटकिन्स निकालाने (२००२) बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला मृत्युदंड देणे घटनाबाह्य ठरवले, त्यामुळे ७० च्या आसपासचा बुद्ध्यंक हा अमेरिकेत जीवनमरणाचा प्रश्न झाला. ‘सरासरी १००, प्रमाण विचलन १५, म्हणून ७० म्हणजे दोन विचलने खाली’ हे वाक्य बिनचूक आहे आणि ज्युरीच्या दृष्टीने निरुपयोगी. ‘रस्त्यावरची कोणतीही शंभर माणसे उभी केली तर त्यांतल्या दोघांचेच गुण याच्याखाली असतील’ हे लगेच कळते. त्याच्या पुढची पायरी जास्त महत्त्वाची: मोजमापात चूक असते. तोच माणूस पुन्हा चाचणीला बसला तर चार-पाच गुण इकडे-तिकडे होतात. फ्लोरिडाने ७० ची रेघ काटेकोर धरून ७१ गुणांच्या फ्रेडी हॉल यांचे म्हणणे ऐकायलाच नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ती रेघ पुसली. २००२ च्या निकालाआधी, ज्यांच्या नावे तो ओळखला जातो त्या ॲटकिन्स यांच्या शिक्षेच्या फेरसुनावणीत बचाव पक्षाच्या मानसशास्त्रज्ञाने बुद्ध्यंक ५९ सांगितला होता, सरकार पक्षाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यांची बुद्धी निदान सरासरी असल्याचे. ज्युरीने मृत्युदंड दिला. दोन तज्ज्ञ इतके उलटसुलट बोलले की ज्युरर काय करतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आकड्याचे रूप बदलले की निर्णय बदलतो, आणि हे ज्युररपुरते नाही. पॉल स्लोविक आणि जॉन मोनाहन यांच्या अभ्यासात खुद्द तज्ज्ञांनाच एका रुग्णाबद्दल विचारले गेले. ‘हिंसेची शक्यता २० टक्के’ असे वाचणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांनी त्याला सोडण्यास नकार दिला. ‘अशा दर १०० रुग्णांतले २० हिंसा करतात’ असे वाचणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी. शंभरातल्या वीस जणांना चेहरे असतात, टक्क्यांना नसतात. म्हणून दोन्ही रूपे सांगावीत, आणि ‘उरलेले ऐंशी करत नाहीत’ हेही मोठ्याने म्हणावे.

स्मृतीबाबतची अडचण निराळी: आपल्याला ती कळते असे प्रत्येक ज्युररला वाटते. १९७० च्या दशकापासून साक्ष देणाऱ्या एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७४ च्या प्रयोगात मोटारींच्या टकरीची तीच चित्रफीत पाहून लोकांना वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नातले क्रियापद ‘आदळल्या’ अशा जोराचे असताना सरासरी उत्तर ताशी ४०.५ मैल आले, नुसता ‘स्पर्श झाला’ असे विचारल्यावर ३१.८. असा प्रयोग ज्युरीच्या ध्यानात राहतो. पण तज्ज्ञाने इथे थांबायचे असते. ‘या खटल्यातली साक्षीदार चुकली’ असे म्हणणे त्याच्या अखत्यारीत येत नाही.

छाप पाडणे आणि खरे सांगणे यांतली दरी टेक्सासच्या जेम्स ग्रिगसन या मानसोपचारतज्ज्ञाने दाखवून दिली. साधी घरगुती भाषा, ज्युरीशी ओळखीच्या माणसासारखे बोलणे, आडपडदा नाही. संवादकौशल्याच्या कोणत्याही परीक्षेत ते पहिले आले असते. बेअरफूट खटल्यात, मृत्युदंड द्यावा का हे ठरत असताना, त्यांनी आरोपीला एकदाही न तपासता, केवळ काल्पनिक प्रश्नाच्या उत्तरात, तो पुन्हा हिंसा करणार हे शंभर टक्के निश्चित असल्याचे सांगितले. दीर्घ मुदतीचे असे अंदाज तीनांत दोनदा चुकतात, असे मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला कळवले होते. तरीही १९८३ मध्ये न्यायालयाने ही साक्ष ग्राह्य धरली: उलटतपासणी आहे, ज्युरी खरे-खोटे करील. बेअरफूट यांना १९८४ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. संघटनेने ग्रिगसन यांना १९९५ मध्ये काढून टाकले.

त्यामुळे या विषयावरचे पुढचे संशोधन ‘पटवावे कसे’ एवढ्यावर थांबलेले नाही. अलाबामा विद्यापीठातील स्टॅन्ली ब्रॉडस्की आणि सहकाऱ्यांनी साक्षीदाराची विश्वासार्हता आत्मविश्वास, प्रामाणिकपणा, आवडणे आणि ज्ञान या चार अंगांनी मोजली. चाचरत बोलणारा आणि छातीठोक बोलणारा या दोघांपेक्षा मधला, ठाम पण मर्यादा मान्य करणारा तज्ज्ञ अधिक विश्वासार्ह वाटला. भरपूर मानधन घेऊन वारंवार साक्ष देणारा तज्ज्ञ अभिरूप ज्युररना भाडोत्री वाटतो, असेही २००० मधील एका अभ्यासात आढळले. उलटतपासणीत मानधनाचा प्रश्न हटकून येतो तो याचमुळे. ‘मत विकत नाही, वेळेचे पैसे घेतो’ हे ठरीव उत्तर ज्युररनी मालिकांतून इतकेदा ऐकलेले असते की सरळ आकडा सांगणे बरे.

उलटतपासणीत ‘माहीत नाही’ हे उत्तर अनेकदा सर्वांत सुरक्षित असते. मुलांना बुडवून मारणाऱ्या अँड्रिया येट्स यांच्या खटल्यात (२००२) सरकार पक्षाचे तज्ज्ञ पार्क डाएट्झ यांनी, आपण सल्लागार असलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेत अशाच घटनेचा भाग नुकताच दाखवला होता, असे सांगितले. तसा भागच नव्हता. चूक लक्षात आल्यावर त्यांनी ती स्वतः लेखी कळवली, पण दोषी ठरवणारा निकाल तोवर लागला होता. अपील न्यायालयाने २००५ मध्ये तो रद्द केला. २००६ च्या फेरखटल्यात येट्स मनोविकलतेच्या कारणावरून निर्दोष ठरल्या.

कुठवर बोलायचे याची कायदेशीर सीमाही आहे. अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारे जॉन हिंकली १९८२ मध्ये मनोविकलतेच्या बचावावर निर्दोष ठरले, मोठा गदारोळ झाला, आणि १९८४ मध्ये संघीय पुरावा नियमात बंधन आले: गुन्ह्यासाठी आवश्यक मनःस्थिती आरोपीची होती की नव्हती, हे फौजदारी खटल्यात तज्ज्ञाने सांगायचे नाही. आजार, लक्षणे, त्यांचा विचारांवरचा परिणाम सांगावा. शेवटची उडी ज्युरीने घ्यावी. इंग्लंड याहून कडक आहे. टर्नर निकालानुसार (१९७५) मानसिक आजार नसलेली सामान्य माणसे ताणाखाली कशी वागतात हे ज्युरीला मानसोपचारतज्ज्ञाने सांगण्याची गरज नाही.

भारतात तज्ज्ञाचे मत पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ खाली ग्राह्य होते, आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली. पण ऐकणारे असतात न्यायाधीश. मुंबईतील नानावटी खटल्यात ज्युरीने १९५९ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे नानावटी दोषी ठरले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही. तिची एक सावली पारशी विवाहविषयक न्यायालयांत टिकून आहे: तिथे घटस्फोटाच्या दाव्यात वस्तुस्थितीचा निर्णय समाजातून निवडलेले प्रतिनिधी देतात. १९८८ च्या दुरुस्तीनंतर त्यांची संख्या सातावरून पाचावर आली.