तणभाताची मुळे आणि आपल्या भाताची

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने भाताचे दोन जनुक-संपादित (म्हणजे स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेले) वाण जाहीर केले आणि त्यांपैकी ‘पुसा डीएसटी राईस १’ हा वाण लगेच दुष्काळावरचा उपाय म्हणून मिरवला जाऊ लागला. डीएसटी हे जनुक पानांवरील रंध्रांच्या उघडझापीवर, म्हणजे पानांतून किती पाणी उडून जाते यावर, परिणाम करते हे खरे. परंतु उत्पादनवाढीचे जे आकडे त्या वेळी ठळकपणे पुढे आले, ते खारवट आणि चोपण जमिनींतले होते. एखादे जनुक बदलले की पीक दुष्काळमुक्त होते, ही कल्पना भाबडी आहे. ती तपासायची तर भाताच्या बदनाम भावंडाकडे, म्हणजे तणभाताकडे, पाहावे.

तणभात रानटी असते असा सर्वसाधारण समज आहे. छत्तीसगडमध्ये ज्याला करगा म्हणतात ते हे तण खाचरात लागवडीच्या भातासारखेच दिसते. फरक कळतो तो कापणीआधीच दाणे गळू लागले की. दाणा बहुधा लाल, आणि मातीत पडल्यावर तो काही वर्षे न रुजता टिकू शकतो. मात्र अमेरिकेतील तणभाताच्या जनुकांत लागवडीच्या काळातील खुणा सापडतात. दाण्यांची गळ कमी करणारा ‘एसएच४’ या जनुकातील बदल माणसाच्या निवडीतून पिकात स्थिरावला. तो या तणातही आहे, आणि तरीही दाणे गळतात, कारण गळतीची वाट या झाडांनी दुसऱ्या जनुकांतून पुन्हा शोधली. म्हणजे ते माणसाच्या शेतातून निसटलेले पीक आहे. तेथील तणभाताच्या दोन प्रमुख वंशांपैकी एकाचे पूर्वज लागवडीच्या भाताच्या ‘इंडिका’ गटातले, तर दुसऱ्याचे बंगालकडच्या ‘आउस’ गटातले. आउस हे लवकर तयार होणारे, कोरडवाहू परिस्थितीला सरावलेले भात; उष्णता आणि दुष्काळ सोसण्यासाठी प्रसिद्ध असलेला ‘नगिना २२’ हा वाण याच गटातला. त्यामुळे तणाचा काटकपणा काही अंशी वारशाने आलेला असू शकतो.

आता मुळांकडे वळू, कारण दुष्काळाचा खरा हिशेब तेथे होतो. भाताची तंतुमुळे खोडाच्या बुडाशी असलेल्या पेरांतून फुटतात आणि प्रत्येक मूळ कोणत्या कोनात वाढणार यावर झाडाला किती खोलचे पाणी मिळणार हे ठरते. मुळाच्या टोपीतील काही पेशींत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवे झाले की हे कण, तांदूळ धुताना कणी तळाशी बसावी तसे, पेशीच्या खालच्या बाजूला जाऊन बसतात, आणि त्यानंतर ऑक्सिन हे संप्रेरक मुळाच्या खालच्या बाजूस अधिक प्रमाणात वाहू लागते. खोडात ऑक्सिन वाढले की पेशी लांबतात. मुळात मात्र नेमके उलट घडते, जास्त ऑक्सिनमुळे पेशींची लांबण मंदावते. वरची बाजू वाढत राहते, खालची मागे पडते आणि मूळ खाली वळते. या वळणाची तीव्रता ठरवणाऱ्या जनुकांपैकी ‘डीआरओ१’ हे एक असून ऑक्सिन त्याचे काम दाबून ठेवते. जगभर पिकवल्या गेलेल्या ‘आयआर६४’ या वाणात या जनुकाच्या डीएनए-मजकुरातील एकच अक्षर गळालेले असल्याने त्यापासून बनणारे प्रथिन अपुरे राहते आणि मुळे उथळ पसरतात. फिलिपिन्समधील ‘किनान्दांग पातोंग’ या डोंगरी वाणातील धड जनुक जपानी संशोधकांनी पारंपरिक संकराने ‘आयआर६४’मध्ये आणले, तेव्हा मुळे खोल गेली आणि दुष्काळी चाचणीत उत्पादन मूळ वाणापेक्षा चांगले टिकले. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात चिखलणीने खाली घट्ट थर तयार झालेल्या खाचरात मुळाचा कोन कितीही तीव्र असला तरी त्याला वाट मिळेलच असे नाही.

तणभाताची मुळे पिकाहून वेगळी असतात का? अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तण आणि पीक यांच्या संकरातून मिळालेल्या पिढ्या व त्यांचे पालक धरून ६७१ झाडांच्या मुळांची ९८ लक्षणे मोजली गेली. हा अभ्यास दुष्काळाचा नव्हता, तरी त्याचा निष्कर्ष विलक्षण आहे: दोन्ही तणवंशांच्या मुळांची घडण पिकापासून सारख्याच दिशेने दूर गेलेली दिसली, पण त्यामागची जनुके मात्र बहुतांशी वेगवेगळी होती. संशोधकांच्या मते पिकाची मुळे शेजारच्या मुळांशी संपर्क येऊ देतात, तर तणाची मुळे तो शक्यतो टाळतात. एकच घडण दोनदा, दोन वेगळ्या वाटांनी उभी राहत असेल, तर ‘ते’ एक जनुक शोधण्याचा हट्ट कितपत टिकतो?

शिवाय तग धरणे आणि पीक देणे या भिन्न गोष्टी आहेत. भाताला पाण्याचा ताण सर्वाधिक बाधतो तो फुलोऱ्यात. लोंबी पूर्ण बाहेर पडत नाही, परागकण वांझ राहतात आणि दाणे पोचट निघतात. शेतकऱ्याचे वर्ष तेथे संपते. तणाची झाडे एकाच वेळी फुलत नाहीत, मोजके दाणे भरले तरी त्यांचा वंश चालतो, आणि मागील वर्षांचे बी मातीत शिल्लक असतेच. म्हणून तणभाताला सरसकट दुष्काळवीर ठरवणे मला पटत नाही. मात्र पैदाशीसाठी त्यातील वेचक गुण घेण्याजोगे आहेत, कारण ते पिकाशी सहज संकरित होते.

हा संकर उलट्या दिशेनेही होतो. अमेरिकेत २००२ पासून तणनाशक सोसणारे भात लावले जाऊ लागले आणि काही वर्षांतच परागांवाटे तो गुण शेजारच्या तणभातात शिरला. पाणी वाचवण्यासाठी रोपलावणी सोडून थेट पेरणीकडे वळणाऱ्या शेतांत तणभात आधीच अधिक माजते, कारण रोपे लावून उभ्या पाण्याने तण दडपण्याची सोय तेथे राहत नाही. दुष्काळ सोसणारे नवे वाण नेमके अशाच शेतांत पेरले जाणार आहेत.